वन्संची सुई थांबायची तेव्हा

सुमनवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरडयांचा चीक हाटत होते. चीक गॅसवर असताना हात थांबला की गुठळ्या होतात आणि सगळा घाणा वाया जातो. फोन यांनी घेतला. "आक्का..." एवढंच म्हणून हे पुढं बोलेचनात, तेव्हाच मला कळलं. तरी मी हाटतच राहिले. चीक शिजला, पातेलं खाली उतरवलं, वर ताट झाकलं आणि मग पदर तोंडाला लावून रडले. शेजारणीला ते विचित्र वाटलं असेल. पण सगळं तसंच टाकून पळाले असते तर वन्संनीच मला सुनावलं असतं, की गव्हाचा नास केलास तो केलास, वर माझं निमित्त कशाला सांगतेस. आम्ही लगोलग सांगलीहून कऱ्हाडला गेलो. दुपारचं जेवण करून त्या दुकानात मशीनपुढं बसल्या आणि बसल्या जागी मान टाकली, असं शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं. कुणाला पाणी मागितलं नाही, कुणाला उठबस करायला लावली नाही. स्वभावच तसला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कऱ्हाडात दिलेली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी फार मायेनं ठेवलं असं नाही आणि हाकललंही नाही. मग त्यांनी स्वतःच एस.टी. स्टँडच्या मागं एक गाळा भाड्यानं घेतला, शिलाई मशीन टाकलं आणि ब्लाउज शिवायला लागल्या. हात असा चोख की पाटणहून बायका कापड घेऊन यायच्या. पण एक खोड होती. चैत्र उजाडला की दुकानाला कुलूप. ऐन लग्नसराईत, म्हणजे ज्या दिवसांत शिवणाऱ्या बाईनं जेवायलासुद्धा उठू नये अशा दिवसांत, ही बाई पिशवीत चार ब्लाउज, हुकांची डबी आणि सुईदोरा कोंबून एस.टी.त बसायची आणि आटपाडीकडच्या नाहीतर माणकडच्या कुठल्यातरी गावच्या जत्रेला चालू पडायची. नवऱ्या मुलींच्या आया बंद दुकानापुढं उभ्या राहून बोटं मोडायच्या. तरी पुढच्या वर्षी कापड पुन्हा तिथंच टाकायच्या, कारण ब्लाउज अंगावर बरोबर बसायचा आणि हळदीच्या आधी हातात पडायचा. तो कुठल्या देवळाच्या पायरीवर शिवलाय याच्याशी नवरीला काय देणंघेणं.

जत्रेला जायच्या म्हणजे देवाला जायच्या, असं कुणालाही वाटेल. हात जोडायच्या, नारळ फोडायच्या, नाही असं नाही. पण त्यांचं खरं दैवत लाल कोट घालून फिरायचं. आटपाडीकडचा सुरमोहिनी ब्रास बँड! हंगामात हा बँड गावोगाव हिंडायचा. आज या गावात देवाच्या पालखीपुढं, उद्या त्या गावात वरातीपुढं, आणि वन्सं त्यांच्या मागोमाग. बँडचे मालक आणि क्लॅरोनेट वाजवणारे ते मारुती मास्तर. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, लहानपणी माळावर पावा फुंकायचे, थोरपणी हातात क्लॅरोनेट आलं. वन्संनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते मावशीच्या गावच्या जत्रेत, नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. पालखीपुढं बँड चाललेला आणि वन्सं मागं बायकांत. त्या दिवशी काय झालं म्हणून मी त्यांना एकदा खोदून खोदून विचारलं. तर म्हणाल्या, "सगळी माझ्याकडं बघून च्च च्च करायची गं तवा. त्या वाजवणाऱ्यानं तेवढं केलं न्हाई. त्यानं आपलं वाजवलं." एवढंच कारण. त्यापुढं काही निघालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यापुढं आणखी काय हवं असतं.

लोक बोलायचेच. एकटी बाई, त्यातनं विधवा, आणि बँडवाल्यांच्या मागं गावं पालथी घालते, म्हणजे बोलणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. आमचे हे तसे गरीब स्वभावाचे, पण एका दिवाळीत त्यांनीही धीर करून विषय काढला, की आक्का, आपल्याला हे शोभतं का. वन्सं चकली तळत होत्या. झारा तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, की तू क्रिकेटच्या मॅचसाठी साहेबाला आजारी आहे म्हणून सांगतोस ते शोभतं का. मी तिकडं तोंड वळवून हसून घेतलं. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. उलट हेच भावकीत सांगायला लागले, की आमच्या आक्काला संगीताचा कान आहे. कान होता ते खरंच, पण यांना ते झारा बघितल्यावर कळलं.

बँडवाल्यांशी त्यांची ओळख झाली ती मात्र भलत्याच गैरसमजातून. झालं असं, की आमच्या भागात जत्रेत दोन बँड समोरासमोर आले की सामना लागतो. एकानं चाल वाजवायची, दुसऱ्यानं तिला तोडीस तोड उत्तर द्यायचं. ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला. त्यामुळं प्रत्येक बँड दोन-चार नव्या चाली राखून ठेवतो आणि दुसरे त्या चोरायला टपलेले असतात. आता सुरमोहिनीवाल्यांनी काय बघितलं, तर एक अनोळखी बाई, ना या गावची ना त्या गावची, दर जत्रेत पहिल्या रांगेत येऊन बसते, मान खाली घालून हातात काहीतरी करत असते आणि कुणाशी अवाक्षर बोलत नाही. त्यांची खात्रीच पटली, की ही दुसऱ्या बँडनं पाठवलेली आहे आणि टाक्यांच्या हिशेबानं चाली टिपून नेते. मग त्यांनी युक्ती केली. ही बाई दिसली की मुद्दाम वेडंवाकडं वाजवायचं. एका गावात वन्संनी ते अर्धा तास सोसलं. मग ब्लाउज पिशवीत घातला, उठल्या आणि तरातरा मास्तरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या गावात बरं वाजवत होता, आज दात दुखतोय का, असं विचारलं. मास्तरांनी डोळे बारीक करून तुम्ही कुणाच्या म्हणून विचारलं. वन्सं म्हणाल्या, "कुणाचीबी न्हाई. कऱ्हाडची हाय, ब्लाउज शिवती. पर तुमी आज लबाडी केली." हा किस्सा मास्तर पुढं आयुष्यभर सांगत राहिले.

त्या दिवसापासनं ते वन्संना आक्का म्हणायला लागले. आणि बँडातल्या लोकांना एक नवाच नाद लागला. वन्सं ऐकताना हातशिलाई करायच्या, तुरपाई नाहीतर हुक लावणं. ढोलाच्या दणक्यातही सुई एकसारखी चालायची. पण एखादी जागा अशी यायची की सुई कापडात अर्धी जाऊन तिथंच थांबायची. त्यांना स्वतःला ते कळायचं नाही. साइड ड्रमवाल्याच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं, त्यानं मास्तरांना सांगितलं आणि मग सगळा बँड वाजवता वाजवता डोळ्याच्या कोपऱ्यातनं तिकडंच बघायला लागला. गावानं किती फेटे बांधले, किती शिट्ट्या मारल्या, याचं त्यांना फार कौतुक राहिलं नाही. संध्याकाळी टेंपोत बसताना एकमेकांना विचारायचे ते एवढंच, की आज थांबली का. वर्षातनं पाच-सात वेळा थांबली तरी हंगाम चांगला गेला म्हणायचे.

त्या टेंपोत मात्र वन्सं कधी बसल्या नाहीत. किती आग्रह व्हायचा. आवं आक्का, आमी त्याच गावाला चाललोय, तुमी कशाला उन्हात एस.टी.ची वाट बघताय... पण नाहीच. त्यांचं म्हणणं, त्यांच्या गाडीत बसले की मी त्यांच्यातली झाले, मग मला त्यांचं वाईट दिसणार नाही. बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं तेव्हा त्यांना दिवाळीपेक्षा जास्त आनंद झाला, म्हणजे आता दुप्पट जत्रा. एकदा तर महाबळेश्वरला एका बड्या हॉटेलात लग्न होतं आणि बँड तिथं वाजवणार होता. वन्सं मला घेऊन गेल्या. फाटकावरचा माणूस काही आत सोडेना. मास्तरांचं नाव सांगा म्हटलं तर त्या तयार नाहीत. शेवटी आम्ही दोघी टॅक्सीवाल्यांच्या शेजारी कठड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खात, आणि भिंतीपलीकडनं जे ऐकू आलं ते ऐकलं. आत बसलेली माणसं जेवणात गुंतलेली असतील, ऐकलं ते आपणच, असं म्हणत त्या मजेत परत आल्या. मला मात्र थंडीनं सर्दी झाली.

मला बँडमधलं ओ की ठो कळत नाही हे सांगून टाकते. माझ्या दृष्टीनं बँड म्हणजे लग्नात शेजारच्याशी बोलू देत नाही ती गोष्ट. क्लॅरोनेटला मी पिपाणी म्हणायची आणि वन्सं मला औरंगजेब म्हणायच्या. पण त्यांच्याबरोबर हिंडायला मला आवडायचं. तापलेली एस.टी., पायाखाली कोंबड्यांची टोपली, देवळाच्या ओसरीवर दुपारची झोप, संध्याकाळी गोडी शेव... घरात कुणाला काय हवं नको ते बघायचं नाही. अशाच एका खेपेला, काही वर्षांपूर्वी, आम्ही पाटणकडच्या एका गावी गेलो होतो, आणि जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्या गावात वरची आळी आणि खालची आळी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. वरच्या आळीनं सुरमोहिनीला बोलावलं, खालच्या आळीनं पाटणकडचाच एक नवा बँड आणला. ऊन उतरल्यावर देवळापुढं सामना लागला. चार म्हातारी माणसं पंच म्हणून बाजेवर बसली. हे वाजवायचे, ते उत्तर द्यायचे. गाव नुसतं पेटलेलं. मी आपली लोकांच्या तोंडाकडं बघून कोण जिंकतंय त्याचा अंदाज घेत होते. मग त्या नव्या बँडच्या क्लॅरोनेटवाल्यानं सगळा ढोलताशा बंद करायला लावला आणि एकट्यानं एक संथ चाल धरली. सहज शेजारी बघितलं, तर वन्संची सुई थांबलेली. चांगली थांबलेली, मघापासनं. समोर सुरमोहिनीचा साइड ड्रमवालाही तेच बघत होता. त्यावर मास्तरांनी उत्तर दिलं, जोरात दिलं, वरच्या आळीनं टोप्या उडवल्या. पण वन्संची सुई परत सुरू झाली ती सरासरा चालतच राहिली.

पंचांचं दोन-दोन झालं. तेव्हा त्यातला एक म्हातारा वन्संकडं बोट दाखवून म्हणाला, की ती शिवणारी बाई कुठल्याच आळीची नाही, तिला विचारा. खालच्या आळीनं एकच गलका केला, की ती तर सुरमोहिनीबरोबरच हिंडते, ती काय सांगणार ते ठरलेलंच आहे. आणि मास्तर... मास्तर स्वतः पुढं झाले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "इचारा की. आमच्या आक्का खोटं बोलत न्हाईत." केवढा विश्वास होता त्या बोलण्यात. मी वन्संच्या मांडीला असा चिमटा काढला की दुसरी असती तर ओरडली असती. वन्संनी हातातला ब्लाउज नीट घडी केला. मास्तरांकडं बघितलं. मग दुसऱ्या बाजूला हात करून म्हणाल्या, की आज त्यांचं सरस झालं.

फेटा तिकडं बांधला गेला. मास्तरांनी डोक्यावरची जरीची टोपी काढली, काखेत मारली आणि टेंपोत जाऊन बसले. बँडातली पोरं आमच्याकडं न बघता सामान भरायला लागली. वरच्या आळीतल्या एका बाईनं तर आम्हाला पाणी द्यायला आणलेला तांब्या तसाच परत नेला. कऱ्हाडला येईपर्यंत एस.टी.त मी वन्संना इतकं बोलले, इतकं बोलले, की माझं तोंड दुखलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, एवढी वर्षं ज्यांच्या मागं हिंडलात त्यांचं गावापुढं नाक कापलंत, तुम्हाला मला काही कळत नाही म्हणून सुटायला काय झालं होतं. वन्सं उंब्रज आल्यावर बोलल्या. "मंगल, इतकी वर्षं ती माणसं माझ्याकडं बघून वाजवत आली, ते मी खोटं बोलत न्हाई म्हणून. आज एकदा खोटं बोलली असती, तर मागचं सगळंच खोटं झालं असतं गं." आणि मग त्या रडल्या. नवरा गेला तेव्हा मी या घरात नव्हते, त्यामुळं वन्संना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. त्यांचं या जगात दुसरं काहीही नव्हतं हे मला माहीत होतं, आणि जे होतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं लोटून दिलं होतं. तरी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

पुढच्या हंगामात मास्तरांनी त्यांना ओळख दिली नाही. रामराम केला तरी मान फिरवायचे. मला वाटलं, संपलं हे आता, वन्सं चैत्रात दुकान उघडं ठेवतील आणि चार पैसे मिळवतील. छे! कुलूप लागलंच. फक्त आता त्या पहिल्या रांगेत बसायच्या नाहीत. भेळवाल्याच्या मागं, बैलगाड्यांच्या आडोशाला, जिथनं मास्तरांना दिसणार नाही अशा ठिकाणी बसायच्या. मी म्हटलं, एवढा अपमान करून घेऊन कशाला जायचं. तर म्हणाल्या, "माझ्याशी बोलायचं त्यांनी सोडलंय, वाजवायचं न्हाई." असे दोन हंगाम गेले. गुडघे दुखायला लागले होते, छातीत कळ यायची, डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना जत्रेचं काही ठाऊक नव्हतं.

मग एका श्रावणात मी कऱ्हाडला त्यांच्याकडं गेले असताना दुकानात मास्तरांचा मुलगा आला, दत्ता. तोही बँडात ट्रंपेट वाजवतो. त्याच्या हातात लाल कोट, खांद्यावर उसवलेला. हा तेवढा टाका घालून द्या म्हणाला. वन्संनी चष्म्यावरनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, की आटपाडीतले सगळे शिंपी मेले काय रं. पोरगं लाजलं आणि दाराकडं बघायला लागलं. तेव्हा मला दिसलं, की रस्त्यापलीकडं टेंपो उभा आहे आणि पुढच्या सीटवर मास्तर काहीच माहीत नसल्यासारखे समोर बघत बसलेत. मीच बाहेर गेले आणि म्हटलं, की आवं मास्तर, चहा टाकलाय, या आता.

ते आले. स्टुलावर बसले. पुरुषमाणूस, त्यातनं नावाजलेला, त्यामुळं चूक झाली म्हणून सांगणं कठीणच. बराच वेळ पाऊसपाणी, मेंढरांचे भाव असलं बोलणं झालं. वन्सं कोटाला टाका घालत होत्या. मग मास्तर एकदम म्हणाले, "आक्का, दोन हंगाम झालं, मला कुनी वाईट म्हनत न्हाई. जो तो छान झालं, छान झालं म्हनतोय. मानूस कुजतंय वो असल्यानं." वन्संनी दोरा दातानं तोडला. वर न बघता म्हणाल्या, की वय झालंय तुमचं, जवानीतली वरची पट्टी अजून धरून ठेवलीय, तिथं दम पुरत नाही आणि तो लपवायला तुम्ही जोर करता. पट्टी खाली आणा, त्यात लाज कसली. त्या पाटणवाल्यानं काही तुमच्यापेक्षा जास्त वाजवलं नव्हतं, त्यानं फक्त जोर केला नव्हता. मास्तरांनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, की दोन वर्षं तुम्ही समोर नव्हता, मग हे कसं कळलं. मागं बसत होते, वन्सं म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "ठावं हाय. म्हनून तर वाजवत हुतो."

दत्ता बाहेर टेंपोकडं गेला, मी उगाचच आत जाऊन कप धुवत बसले. डोळे असे भरले होते की एका कपाचा कान फुटला. ते मी वन्संना सांगितलं नाही, त्यांनीही नंतर विचारलं नाही.

त्यानंतरचे हंगाम त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे, असं मी ठामपणे सांगते. बँड खालच्या पट्टीत वाजवायला लागला. तरण्या पोरांना ते आधी पटलं नाही, डीजेच्या जमान्यात असलं सावकाश कोण ऐकणार म्हणाली, पण लोक ऐकायला लागले. आता जो तो मोबाइलवर त्यांचं वाजवणं टाकतो आणि परगावची माणसं शोधत येतात. वन्सं पुन्हा पहिल्या रांगेत. टेंपोत मात्र तेव्हाही बसल्या नाहीत. या संक्रांतीला त्या सांगलीला आल्या होत्या. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता त्यांनी मला चैत्रातल्या सगळ्या जत्रा तोंडपाठ म्हणून दाखवल्या आणि पहिल्या जत्रेला तू यायचंस, औरंगजेब, असा हुकूम सोडला. मी येते म्हटलं. तीच आमची शेवटची भेट.

त्यांना न्यायच्या वेळी दारात पंधरा-वीस माणसं येऊन उभी राहिली. साधे पायजमे, साधे सदरे. शेजाऱ्यांनी कुजबुजत विचारलं, ही कोण मंडळी. लाल कोटाशिवाय त्यांना कुणी ओळखलं नाही. मयताला बँड वाजवायचा नाही अशी मास्तरांची रीत होती आणि वन्संसाठीही त्यांनी ती मोडली नाही. मोडली असती तर वन्संनाच आवडलं नसतं. एकानं खांदा दिला, दुसऱ्यानं मडकं धरलेल्या आमच्या यांना हाताला धरून नदीपर्यंत नेलं. दिवस झाले, दुकानातली कापडं ज्यांची त्यांना परत दिली. प्रत्येक बाई कापड घेताना मला त्यांचा एकेक किस्सा ऐकवून गेली.

मग चैत्र आला आणि मास्तरांचा फोन आला, की वैनी, एकदा येऊन जावा. भावकीत कुरकुर झाली, की घरातलं माणूस जाऊन दोन महिने झाले नाहीत, वर्षभर जत्राखेत्रा करायच्या नसतात. मी सरळ सांगितलं, वन्सं स्वतःच्या नवऱ्यामागं घरात बसून राहिल्या नाहीत, आता त्यांच्या नावानं मी बसू काय. आम्ही दोघं आटपाडीकडच्या त्या पहिल्या जत्रेच्या गावी गेलो. पालखी देवळातनं निघाली, पुढं लाल कोट. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. हात रिकामे होते, काय करावं कळेना. मास्तरांनी क्लॅरोनेट लावलं आणि एक चाल वाजवली. लोकांनी माना डोलावल्या, कुणी फेटा घेऊन पुढं आला. मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं, रुमालानं तोंड पुसलं आणि गर्दीतनं वाट काढत माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"वैनी, कसं झालं?"

मी आयुष्यभर जे सगळ्यांना सांगत आले तेच सांगितलं. छान झालं.

मास्तरांनी मग हळूहळू मान हलवली. "न्हाई. मधी दम संपला म्हनून एक जागा गाळली म्या. लबाडी झाली." आणि बँडकडं वळून म्हणाले, "पैल्यापासनं."

पालखी खांद्यावर घेतलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुजाऱ्यानं हाक मारून सांगितलं, की मास्तर, देव खोळंबलाय. खोळंबू दे, चुकलंय, असं म्हणून मास्तरांनी पुन्हा तीच चाल धरली. सगळं गाव उन्हात उभं राहिलं. खोटं कशाला सांगू, मला पहिलं आणि दुसरं अगदी सारखंच ऐकू आलं. पण शेजारी आमच्या यांचे डोळे वाहत होते आणि साइड ड्रमवाल्याची मान खाली होती. चाल संपली. मास्तरांनी क्लॅरोनेट खाली घेतलं आणि मान थोडी कलती करून थांबले, कुणाचं तरी म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं तसे. मग पालखीवाल्यांना म्हणाले, चला.

मला या खेपेला विचारायला आले नाहीत.